जोएलने दिलेला पेनड्राइव्ह

शिर्डी

प्रिय जोएल,

फोन न करता मुद्दाम लिहिते आहे. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, मग मी चिडते आणि सांगायचं ते राहूनच जातं. आई बरी आहे. गुडघे दुखतात, पण रविवारची उपासना चुकवत नाही. तुझ्यासाठी तिने भरल्या मिरच्या वाळवून ठेवल्यात. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकानही चालू आहे. मी मात्र थकले आहे रे, आणि हा थकवा झोपून जाणारा नाही.

बसस्थानकामागचं अमृतभाऊंचं लॉज तुला माहीत आहे. गेल्या वर्षी त्यांच्या रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर मीच नवीन विंडोज टाकून दिलं होतं. पेनड्राइव्ह तू दिलेला, लायसन्सही तूच दिलेलं. बाजारात ते ज्या भावात मिळतं त्याच्या पाव भावात तू देत होतास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, कंपन्या उरलेली लायसन्स स्वस्तात काढतात, ताई, तू कशाला डोकं लावतेस. मीही लावलं नाही. सख्ख्या भावाने दिलेली वस्तू कोण तपासून घेतं?

यंदा दिवाळीनंतर लॉजमध्ये आधीच खोली राखून ठेवलेल्या लोकांना फोन यायला लागले. बोलणारा माणूस नाव, तारीख, खोली सगळं बरोबर सांगायचा आणि खोली पक्की करायला पैसे पाठवा म्हणायचा. लोक पाठवायचे. इथे येऊन उभे राहिले की कळायचं, लॉजला काहीच मिळालेलं नाही. सोलापूरचं एक म्हातारं जोडपं तर बॅगा घेऊन काउंटरसमोरच खाली बसलं. अमृतभाऊंचा संशय पूजावर गेला. रिसेप्शनला तीच बसायची, ही माहिती दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती. चार माणसांसमोर त्यांनी तिचा मोबाईल तपासला आणि तिला कामावरून काढलं. तिचं लग्न जुळत आलं होतं. ते पाहुणे परत फिरकले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात त्या कॉम्प्युटरवर लायसन्स वैध नसल्याची पाटी यायला लागली म्हणून मला बोलावणं आलं. एकच लायसन्स इतक्या ठिकाणी वापरलेलं होतं की कंपनीने ते बंदच केलं होतं. तेव्हा पहिल्यांदा मला तुझ्या पेनड्राइव्हची शंका आली. दुकानात येऊन मी कंपनीच्या साइटवरून त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची विंडोजची फाइल उतरवून घेतली. प्रत्येक फाइलवरून कॉम्प्युटर अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ काढून देतो. फाइलमध्ये एवढासा जरी बदल झाला तरी ती ओळ पार वेगळी येते. खरी ओळ कोणती, ते कंपनी साइटवर देते. माझ्या ताज्या फाइलची ओळ तंतोतंत जुळली. तुझ्या पेनड्राइव्हवरच्या फाइलची जुळली नाही. मी पुन्हा काढून पाहिली, तरी नाहीच. मग नगरला एका जाणकाराकडे पेनड्राइव्ह नेला. आत कुणीतरी एक प्रोग्रॅम लपवलेला होता. कॉम्प्युटरवर जे टाइप होईल ते तो बाहेर पाठवत होता.

मी अमृतभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, चला पूजाकडे. तिच्या अंगणात त्यांनी हात जोडले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आता खरं बोलून काय उपेग, भाऊ? समद्यांसमोर चोर म्हनलात तवा मी एकलीच हुते." तिच्या आईने आम्हाला चहा दिला. पूजा कामावर परत आली नाही. हल्ली ती हार-प्रसादाच्या दुकानात बसते. माझी तिकडून जायची वाट आहे, पण मान वर होत नाही.

तेव्हापासून तुझा पेनड्राइव्ह जिथे जिथे वापरला तिथे मी जाते आहे. कॉम्प्युटर पुसते, तपासलेल्या फाइलवरून विंडोज टाकते, नगरच्या अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसकट लायसन्स आणून देते. एकदम बरीच घेते म्हणून त्यानेही थोडी सूट दिली. खरी सूट तेवढीच असते, हे आता कळलं. कुणी चार शब्द ऐकवतं, कुणी पाणी विचारतं. मला दोन्ही सारखंच वाटायला लागलं आहे.

तू हे जाणूनबुजून केलं नसशील. कुठल्यातरी साइटवर फाइल आणि लायसन्स स्वस्तात मिळालं, तू ते पुढे विकलंस, एवढंच असेल. पण माझ्याशिवाय आणखी किती जणांना दिलंस, ते तुलाच ठाऊक. ती माणसं आजही त्या कॉम्प्युटरवर आपलं सगळं टाइप करत असतील. त्यांना आजच फोन कर. लिहायचं खरं कारण मात्र दुसरंच आहे. अमृतभाऊ येत्या सोमवारी नगरला सायबर पोलिसांकडे जाणार आहेत. फाइल आली कुठून, असं त्यांनी मला विचारलं. मी "माझ्या भावाकडून" म्हणून सांगितलं. हे तुला पोलिसांकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. रविवारी घरी ये. आईला तूच सांग, मी शेजारी बसेन. सोमवारी आपण दोघं मिळून नगरला जाऊ. तू आला नाहीस तर मी एकटी जाईन, आणि विचारतील ते सगळं सांगेन.

तुझीच,
स्टेलाताई