शिसे नसल्याचा माझ्याच सहीचा अहवाल रद्द करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
पाणी तपासणी प्रयोगशाळा.

विषय : वरीलप्रमाणे. अर्ज चौथा.
संदर्भ : माझे तीन अर्ज व आपली तीन उत्तरे.

महोदय,

१. मी आपल्याकडे पोलॅरोग्राफ यंत्रावर एकतीस वर्षे काम करून गेल्या वर्षी निवृत्त झालो. बारीक काचनळीतून दर चार सेकंदांनी पाऱ्याचा थेंब पडतो, विजेचा दाब हळूहळू वाढवायचा आणि कागदावरची रेघ कुठे पायरी चढते ते पाहायचे. पायरीच्या जागेवरून धातू कळतो, उंचीवरून प्रमाण. एवढेच मला येते. ते मी चोख केले, एक दिवस सोडून.

२. त्या दिवशी माझ्या ताईच्या विहिरीचे पाणी आटवून तपासायला घेतले होते. रेघ उगाच उसळू नये म्हणून नमुन्यात जिलेटिनचे किंचित द्रावण घालतात. सकाळी आधी येईल त्याने सगळ्या भांड्यांत ते घालून वहीत खूण करायची, असा आमचा रिवाज. सहकाऱ्याने घातले होते. मी वही न पाहताच पुन्हा घातले. जिलेटिन जास्त झाले की पायरी दबते. मला ती थेंबांची थरथर वाटली. अशा वेळी थोडे शिसे मुद्दाम घालून पायरी वाढते का, हे तपासायचे असते. मी तपासले नाही. ताईचे पाणी चांगले निघाले या आनंदात उठलो आणि तिला फोन केला. लिहितानाही लाज वाटते, साहेब.

३. निवृत्त होताना वह्या जमा केल्या, तेव्हा एकाच रकान्यात दोन खुणा दिसल्या, एक त्याची, एक माझी. रेघेचा कागद भिंगाखाली धरला. पायरी शिशाच्याच जागी आहे.

४. पहिल्या अर्जावर आपण कळवले की अहवाल निर्दोष असल्याची नोंद आहे, सबब अर्ज निकाली. दुसऱ्यावर, तोच नमुना त्याच यंत्रावर पुन्हा तपासावा. नमुना केव्हाच ओतून दिला आणि यंत्र भंगारात गेले, हे आपणांस ठाऊक आहे. नवा नमुना घ्यावा तर निर्दोष ठरलेल्या विहिरीचा पाच वर्षे घेता येत नाही. तिसऱ्यावर, हरकत फक्त विहीरमालकाने घ्यावी.

५. विहीरमालक म्हणजे ताई. ती म्हणते, "भावाविरुद्ध कागद मी करायची नाही. तू दमलायस, जरा विश्रांती घे." तिचा माझ्या तोंडापेक्षा माझ्या सहीवर जास्त विश्वास. अहवाल तिने काचेत लावून ठेवला आहे.

६. तिची नात चार वर्षांची. बोलकी पोर शिकलेले शब्द एकेक विसरत चालली आहे. डॉक्टरांना तिच्या रक्तात शिसे सापडले. घरच्यांनी रंग खरवडले, खेळणी फेकली, भांडी बदलली. विहिरीवर कोणाचा संशय नाही, कारण कागद माझा आहे.

७. काल गेलो तर नातीने माझ्यासाठी पेला भरून आणला. पूर्वी "आजोबा, पाणी" म्हणायची. काल नुसती उभी राहिली. मी तो पेला अंगणात ओतला. तिला वाटले खेळ आहे. हसली, दुसरा भरून आणला आणि तो स्वतःच प्यायली.

मला हवी ती शिक्षा करा. पण त्या अहवालावर 'रद्द' असा एक शिक्का मारून द्या. शिक्का पाहिला तर ताई ऐकेल.

सोबत : वहीचे पान, रेघेचा कागद, नातीच्या रक्ततपासणीची प्रत.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारा,
निवृत्त तंत्रज्ञ
(अहवालावर हीच सही आहे.)
दिनांक : ९ फेब्रुवारी