कॅथीड्रलच्या बागेतली पांढरी फुलं

तीर्थस्वरूप ताईस धाकटीचा वाकून नमस्कार.

लोकरीची टोपी, स्वेटर आणि अंगाऱ्याची पुडी पोचली. टोपीपेक्षा टपालच महाग पडलं की गं! ह्यांना टोपी छान बसते. ऑपरेशन महिनाअखेरीस ठरलंय. डॉक्टर चांगले आहेत, काळजी करू नकोस.

सकाळी दवाखान्यात आत सोडत नाहीत. हे म्हणतात, "माझ्याही वाटचं चालून ये आणि मला सांग." म्हणून मी बस न घेता गल्ल्यागल्ल्यांतून फिरते. इथल्या जुन्या कॅथीड्रलमागे बाग आहे. देवाचंच आवार, म्हणून मी रोज पूजेला तिथली चार पांढरी फुलं तोडून आणत होते.

काल माळ्याने पाहिलं. म्हणाला, "बाई, इथलं एकेक झाड गेलेल्या माणसाच्या नावाने लावलंय."

ताई, ह्यांच्यासाठी मागणं मागून मी तीच फुलं वाहत होते गं! माझा चेहरा पाहून त्याने स्वतःच एक फूल कापून दिलं. "हे माझ्या बायकोचं झाड. न्या. तिला आवडेल."

ते मी देवाला वाहिलं. चुकलं का गं? ह्यांना बागेचं सगळं सांगितलं, एवढंच नाही.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला ऑपरेशनचं कळू देऊ नकोस.

उलट टपाली दोन ओळी पाठव, पण पाकिटावर नाव ह्यांचं घाल. मी ते उघडणार नाही. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले की त्यांनीच ते आपल्या हाताने फोडायचं.

तुझी,
धाकटी