गाडी गरम झाली त्याची हकीकत

मोखोत्लाँग,
ऐन जुलै, इकडचा भर हिवाळा

तीर्थस्वरूप मामांना भाचा त्सेलिसोचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत, तुमचा गुडघा आणि तुमच्या मेंढ्या सुखरूप असतील अशी आशा आहे. इकडे बर्फ पडलं, नळ गोठले, बाकी क्षेम.

गाडी विकताना तुम्ही म्हणाला होतात, ही जन्मात तापणार नाही. शब्द खरा ठरला. ती तापतच नव्हती. हीटर लावला की खिडक्या बंद असूनही डोंगरावरचं वारं आत यायचं. शेवटी लिमाकात्सो (बायको माझी, पण बाजू कायम तिच्या आईची) म्हणाली, "आईला चर्चला नेतोस की थेट दफनाला?" सासूबाई दोन ब्लँकेटं पांघरून मागे बसतात आणि वाटभर माझ्या मानेकडे बघतात. मामा, त्या नजरेपेक्षा बर्फ बरं. म्हणून थर्मोस्टॅट घरीच बदलायचं ठरवलं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवायचं, तापलं की सोडायचं, एवढंच त्या टीचभर झडपेचं काम.

अंगणात पाना घेऊन बसलो. झाकणाचे बोल्ट काढले आणि आत बघतो तर थर्मोस्टॅट नाहीच, नुसतं भोक. कुणीतरी कधीचा काढून फेकलेला (कुणी, ते मी विचारत नाही, तुम्ही वडीलधारे आहात). नवा आणलेला चालतो का बघायला चुलीवरच्या आधणात सोडला. झडप छान उघडली. आधण पापासाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीसाठी, ठेवलेलं होतं हे लिमाकात्सोने मागून सांगितलं. त्या दुपारचा पापा मी एकट्याने खाल्ला.

रविवारी सासूबाईंना घेऊन निघालो. निम्मा घाट चढलो नाही तोच काटा लाल पट्ट्यात आणि बॉनेटमधून वाफा. मी गाडी थांबवली. मागून आवाज आला, "थांबलास कशाला? आत्ता कुठे पाय शेकायला लागलेत."

"सासूबाई, इंजिन जळेल."

"जळू दे की. लग्नात मुलीच्या बदल्यात तू दिलेल्या गाईंपेक्षा या धुरात जास्त ऊब आहे."

इंजिन निवल्यावर उघडलं. थर्मोस्टॅट मी उलटा बसवला होता, स्प्रिंग बाहेर. सुलटा केला, ओढ्यावरचं बर्फ फोडून पाणी भरलं, आणि गाडी सुरू झाली ती अशी की काटा मध्यावर स्थिर आणि हीटरमधून भट्टीची हवा. पोचलो तेव्हा प्रार्थना आटोपली होती. सासूबाईंनी खाली पाय ठेवला नाही. पाद्रीबाबांनाच खिडकीपाशी बोलावून आशीर्वाद घेतला.

तेव्हापासून त्यांचा मुक्काम गाडीतच. सकाळी पुढच्या सीटवर बसतात, मला इंजिन चालू करायला लावतात आणि ज्वारीची आंबील तिथेच पितात. शेजारच्या दोघी मागच्या सीटवर बसून गावाची उणीदुणी काढतात. मी शाळेत पायी जातो आणि मुलांना विज्ञान शिकवतो.

बाकी सगळं ठीक.

तुमचा,
त्सेलिसो

ता. क. थंडी सरेपर्यंत तुमचा घोडा मिळाला तर शाळेची सोय होईल. पत्र त्यासाठीच लिहिलं.

आणखी एक. सासूबाईंनी काच खाली करून विचारलं, कुणाला लिहितोस. सांगितलं. म्हणाल्या, "बायको जाऊन दोन हिवाळे झाले ना त्याला? घोडा पाठवू नको म्हणावं, स्वतः घेऊन ये. माझ्या शेजारची सीट रिकामी असते." याचा अर्थ मी विचारलेला नाही आणि लिमाकात्सोला कळवलेलं नाही. येताना दाढी तेवढी करून या.