बर्फाच्या कप्प्यातली लस

बाबा, आज शेलार गावात एका माणसावर मी इतकी ओरडले की त्याची बायको हातातलं काम टाकून धावत बाहेर आली. त्याच्या डुकरांच्या पिल्लांना न्यूमोनियाची लस टोचायला गेले होते. लस त्यानेच आदल्या दिवशी आणलेली, आणि ठेवली कुठे, तर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. गोठून दगड! म्हटलं, "एकदा गोठली की वाया गेली ही. अक्कल गहाण टाकलीये का?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मला काय म्हाईत? जास्त थंड तेवढं चांगलं, असं वाटलं." गाडीत येऊन बसले आणि चावी न लावताच हा कागद लिहायला घेतला.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. दिघाशीची आपली डुकरांची शेड आता नाही, वडपे गावाकडून गोदामं सरकत सरकत तिथवर आली. मला मात्र ती अजून दिसते. तुम्ही भिवंडीतल्या हॉटेलांचं खरकटं ड्रममध्ये भरून आणायचात. तुमचा टेम्पो वळणावर आला की सगळी डुकरं एकदम कालवा करायची. आपल्या घरचं पाणी प्यायला नातेवाईक नाक मुरडायचे, तर तुम्ही म्हणायचात, "नका पिऊ, माझ्या पोरींना तेवढंच जास्त." पोरी म्हणजे डुकरिणी! मी पशुपालनाचा डिप्लोमा करून आले तेव्हा तर गावभर सांगत सुटलात, "आता माझी बायच सुई मारनार, डाक्टर लागत न्हाय."

त्या थंडीतली ती सकाळ. तुम्ही एकेक पिल्लू काखेत दाबून धरताय, मी कानामागे ह्याच लसीची सुई टोचतेय, ते जीव खाऊन किंचाळतंय. कुठल्याला टोचलं ते कळावं म्हणून तुम्ही आईच्या डब्यातली हळद कालवलीय आणि प्रत्येकाच्या पाठीवर बोट ओढताय. आई दारातून करवादतेय, "अवो, जेवनात काय टाकू आता?" आणि तुम्ही, "गप गं, लगीन हाय पोरांचं!" हसता हसता माझ्या हातातली सिरिंज पडली. इतकी मी नंतर कधी हसले नाही, बाबा.

महिन्याभरात पिल्लं ढासायला लागली. श्वास घेताना त्यांची पोटं भात्यासारखी हलायची. सात गेली. तुम्ही शेडच्या दारात डोक्याला हात लावून बसलात आणि म्हणालात, "मीच येडा, सांजची फरशी धुवायचो. वल लागली पोरांना." त्याच दुपारी लसीचा रिकामा खोका केरात टाकताना मी त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. गोठवू नये. लस मी बर्फाच्या कप्प्यातच ठेवली होती, बोंबलांच्या पिशवीशेजारी. टोचायच्या आधी मुठीत धरून वितळवली होती. मी खोका चुलीत घातला आणि तुमच्यासाठी चहा ठेवला.

तुम्ही नंतर पिल्लं धरली नाहीत. "माझ्या हाताला आता यश न्हाय," म्हणालात, होती ती डुकरं विकलीत आणि वडप्याच्या गोदामावर वॉचमन झालात. खुर्चीत बसून राहायचात, अंगावर तो ढगळ निळा शर्ट. मला तुमच्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी त्या रस्त्याने जाणंच टाळायचे.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही अचानक विचारलंत, "बाय, ती फरशी मी धुवायला नको व्हती, न्हाय?" खोलीत आपण दोघंच होतो. सांगायला यापेक्षा चांगली वेळ कुठली होती? मी तुमचा हात थोपटला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "जाऊ द्या बाबा, चुकतं माणूस." तुम्ही मान हलवलीत, सुटल्यासारखे डोळे मिटलेत. चूक माझी, आणि माफ मी तुम्हाला केलं.

हा कागद कुठेच पोचणार नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. तुम्ही समोर असतात तर आजही बोलले नसते.