सोड्याच्या पेटीतलं पाणी

टॅलो क्रीक, जॉर्जिया
९ ऑगस्ट २००४

प्रिय एझेल,

पाकिटावर माझं नाव वाचून तू हे पत्र तसंच कचऱ्यात टाकलंस, तर तुझं काही चुकलं असं म्हणणार नाही. उघडलंस, तर बसून वाच. थोडक्यात आटोपेन असं वचन देणार होतो, पण माझी जीभ किती लांब आहे हे तुला ठाऊक आहे. पत्ता तुझ्या बहिणीकडून, लूडीकडून मिळवला. तिच्या चर्चच्या आवारात मासे तळणं चाललं होतं, तिथे जाऊन गाठली तिला. तिने मला टाळूपासून बुटांपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "शेहेचाळीस वर्षांत सुचलं नाही, मग आता काय मरायला टेकलायस?" म्हटलं, नाही बाई, सग्जच्या दुकानातली सोड्याची पेटी माझ्या वर्कशॉपात आली आहे. तिने झारा खाली ठेवला. पत्ता लिहून दिला, पण माझ्याकडे न बघता.

तर ती पेटी आली आहे. तीच, झोपवलेल्या कपाटाएवढी, वर दोन झाकणं, आत थंड पाण्याची टाकी, पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या बाटल्या. इतकी वर्षं ती कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात पडून होती. झाकण उघडलं आणि मी, आयुष्यभर मेलेल्या फ्रीजांच्या पोटात हात घातलेला माणूस, बाहेर जाऊन ओकलो. तळाशी वीतभर काळा चिखल, त्यात उंदरांची हाडं, पिसं, आणि खारे दाणे. हो, दाणेच. बाटलीत दाणे टाकून पिणाऱ्यांच्या हातून निसटलेले, कुजून डिंकासारखे झालेले. तो वास अजून माझ्या नखांत आहे. साबणाने गेला नाही, रॉकेलने गेला नाही. आता वाटतं तो पेटीचा नसावाच.

पेटी आणली ब्रॅडीने, म्हाताऱ्या सग्जच्या नातवाने. दुकान होतं त्याच जागी तो खानावळ काढतो आहे, भाजलेलं डुकराचं मांस आणि भिंतीवर जुन्या नांगरांचे फाळ. पोरगा वाईट नाही, पण बोलायला लागला की मला ऐकवत नाही. म्हणतो, "वेंडल काका, बाहेरून कारखान्यातून निघाल्यासारखी लालभडक करा, पण कोपऱ्यात थोडा गंज ठेवा, लोकांना गंज आवडतो." वर पाटी लावणार आहे: आजोबांच्या दुकानात सगळा गाव एकाच पेटीतून थंड प्यायचा. सगळा गाव! मी हसून मान डोलावली. माझं सगळं आयुष्य असंच हसून मान डोलावण्यात गेलं आहे, एझेल, धंद्याला फार उपयोगी पडतं ते. येत्या एकवीस तारखेला, शनिवारी, उद्घाटन आहे. काम बहुतेक झालं आहे. एक गोष्ट अडली आहे, ती तुला विचारल्याशिवाय मला पुढे हात चालवता येत नाही.

अठ्ठावन्नचा तो ऑगस्ट आठवतो? पेटी बंद पडली आणि अटलांटाहून येणारा मेकॅनिक आठवडाभर येणार नव्हता. सग्जला कुणीतरी सांगितलं की पिटमनांचा एझेल सैन्यात जर्मनीला होता, तिथल्या भटारखान्याच्या थंड खोल्या सांभाळायचा. तू आलास. बावीस वर्षांचा, सैन्याचे बूट घातलेला. सग्ज तुला "ए पोऱ्या" म्हणाला. मी एकोणीसचा, गल्ल्यावर बसणारा, मला मात्र तू चारचौघांत "मिस्टर वेंडल" म्हणायचास, आणि पेटीमागे आपण दोघेच असलो की "ए गाढवा, टॉर्च नीट धर." तीन दिवसांत तू मला जे शिकवलंस ते पुढे कुणीच शिकवलं नाही. गॅस कुठे गळतो ते साबणाच्या फेसाने कसं बघायचं. डाख देताना नळी आधी तापवायची, डाख नव्हे. कॉम्प्रेसरला कान लावायचा. म्हणालास, "यंत्र खोटं बोलत नाही, मालक बोलतो." आणि शेवटी कॉम्प्रेसरच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने नाव आणि तारीख कोरलीस. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणालास, "सैन्याचा नियम आहे. पुढच्या माणसाला कळायला हवं, शिव्या कुणाला घालायच्या."

त्या तीन दिवसांत तू खांद्यापर्यंत त्या टाकीत होतास. आतून ती घासलीस तू, स्वच्छ पाणी ओतलंस तू. चौथ्या दिवशी सकाळी पेटी घुमायला लागली, पाण्यावर धुकं आलं. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं. तू हत्यारं गाडीत ठेवून परत आलास, झाकण उघडलंस, हात पाण्यात बुडवून जिंजर एलची बाटली काढलीस. बस, एवढंच. तुम्हा काळ्या लोकांनी बाजूच्या दाराशी उभं राहायचं आणि बाटली मी आणून द्यायची, हे मला माहीत होतं तसं तुलाही माहीत होतं. पण तीन दिवस त्याच पाण्याशी खेळलेला माणूस विसरला असेल. की विसरला नसेल? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. बाकावर तिघं बसले होते. त्यांचं दाणे चावणं थांबलं. सग्ज आवाजसुद्धा न चढवता म्हणाला, "वेंडल, पाणी सोड."

मी टाकीच्या तळाचं बूच काढलं. तू बाटली न उघडता गल्ल्यावर ठेवलीस आणि बाहेर पडलास. तुझ्या हाताने दुरुस्त झालेल्या पेटीतलं, तुझ्याच हाताने भरलेलं पाणी अर्धा तास गटारात जात राहिलं आणि मी धुण्याचा सोडा टाकून टाकी घासत राहिलो. दुरुस्त करताना जो हात चालला, तो पिताना चालला नाही. यातला वेडेपणा त्या बाकावर एकालाही कळला नाही. मला कळला होता. म्हणूनच मला माझी जास्त शिसारी येते. तीन आठवड्यांनी तू डेट्रॉइटला गेलास असं ऐकलं.

गेल्या गुरुवारी मी कॉम्प्रेसरच्या दाराचा आतल्या बाजूचा रंग खरवडला. वरचा हिरवा निघाला, मग पांढरा, मग एक जाड तपकिरी थर, ओबडधोबड ब्रशने मारलेला. त्याच्याखाली तू होतास. ए. पिटमन, ऑगस्ट १९५८. अक्षरं इतकी ताजी की बोट कापलं असतं. ब्रॅडीला दाखवलं. त्याने वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काका, हे घासून टाका ना. कोण पिटमन म्हणून कुणी विचारलं तर मग पुढचंही विचारतील. लोक जेवायला येणार आहेत हो माझ्याकडे." नेहमीसारखी मान डोलवायला गेलो, तर मानच हलेना. म्हटलं, बघतो.

आता जे लूडीलाही सांगितलं नाही ते लिहितो. तू गेल्यावर सहा महिन्यांत मी माझा धंदा सुरू केला. आज माझ्या अकरा गाड्या फिरतात आणि प्रत्येकीवर लिहिलं आहे: हटो रेफ्रिजरेशन, स्वतः शिकून उभं केलेलं. व्यापाऱ्यांच्या मेजवान्यांत भाषण करतो, एका जुन्या सोड्याच्या पेटीपुढे तीन दिवस बसून एकट्याने हा धंदा कसा शिकलो ते. लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांवर मी घर बांधलं, पोरी शिकवल्या. आणि तो तपकिरी थर सग्जने मारलेला नाही. त्याला दाराच्या आत काय आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं. रंगाचा डबा मी उघडला, ब्रश माझा होता. तू अजून गावातच होतास तेव्हा.

आणखी एक आहे, ते लिहिताना पेन जड झालं आहे. पाणी जात होतं तेव्हा बाकावरचे तिघं गप्प होते, आणि शांतता मला कधी सोसत नाही. मी हसत म्हणालो, "बरं झालं सोडलं, नाहीतर काळ्या हाताचा रंग उतरून गोड चहा झाला असता." ते खो खो हसले. सग्जही हसला. तू गाडीचं दार लावत होतास, खिडकी उघडी होती. माझे कान तिखट आहेत म्हणतात, पण तुझे माझ्याहून तिखट होते. गळणारा गॅस तू दहा फुटांवरून ऐकायचास. तुझं गाडीचं दार अर्ध्यावर थांबलं आणि मग लागलं, एवढं मी ऐकलं. तू ऐकलंस की नाही ते विचारत नाही.

माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. मागितली तर तुलाच काहीतरी द्यावं लागेल आणि तुझ्याकडून मी पुरेसं घेतलं आहे. लिहिलं ते यासाठी, की त्या दारावरचं नाव एकदा तुला न विचारता मिटवलं, आता तुला न विचारता मिरवणारही नाही. ठेवायचं, घासायचं, की दार उचकटून डेट्रॉइटला पाठवायचं, तू सांगशील तसं होईल. ब्रॅडीला मी सांगून टाकलं आहे, उत्तर येईपर्यंत पेटी हलणार नाही, उद्घाटन रिकाम्या कोपऱ्याने करावं लागलं तरी. त्याने आदळआपट केली. करू दे. दोन कामं मात्र तुला न विचारता केली आहेत, कारण ती माझी होती. तुझ्या नावाच्या खाली खिळ्याने कोरलं आहे: वेंडल हटो, त्याच ऑगस्टमध्ये पाणी सोडलं, वर रंग मारला. पुढच्या माणसाला कळायला हवं, शिव्या कुणाला घालायच्या. आणि टाकीच्या तळाचं भोक मी डाख देऊन कायमचं बुजवलं आहे, तू शिकवलंस तसं, नळी आधी तापवून. जुन्या वस्तूंचा कुणी जाणकार बघेल तर किंचाळेल. पण यापुढे ते पाणी कुणाला टाकून द्यायचं झालं, तर त्याला बाही सरसावून आपला हात खांद्यापर्यंत त्यात बुडवावा लागेल.

"तुझाच" लिहायचा हक्क मी त्या गटारात सोडला. तेव्हा नुसताच,

वेंडल
(टॉर्च वाकडी धरणारा)