आईसारखी बाई

१३ जून १९९४, सकाळी ६
आज गुड्डी कॉन्व्हेंटमध्ये जाणार. रजिस्टरला नाव रोहिणी सुकदेव बोरसे, फर्स्ट स्टँडर्ड. आमच्या सात पिढ्यांत इंग्रजी शाळेची पायरी कोणी चढलं नव्हतं. मी अमळनेरला बाहेरून पाहिली होती.
ॲडमिशनला सहाशे गेले. ते मायच्या वर्षश्राद्धासाठी बाजूला ठेवले होते. उषा म्हणाली, आधी श्राद्ध करू या. मी म्हणालो, माय असती तर तिनंच सांगितलं असतं, पोरीला शिकव. श्राद्ध पितृपक्षात करू. उलट जास्त पुण्य.
पुढच्या फीची चिंता नाही. दिवाळीपर्यंत मी स्टोअर इन्चार्ज होतोय. आमच्या यार्न फॅक्टरीचे मॅनेजर शहासाहेब परवा स्वतः म्हणाले, “सुकदेव, तुम्हारा देखते हैं.”

२० जून
घराला शिस्त लावली. आजपासून मम्मी-पप्पा. रोज अर्धा तास इंग्रजी पेपर वाचणार. चहा एकदाच. बिडी बंद.
गुड्डीनं ‘पप्पा’ लगेच उचललं. उषाला मात्र आईच म्हणते.

२१ जून
पेपर मिळाला नाही. बिडी एक. (पावसामुळे.)

६ जुलै
पहिल्या तिमाहीच्या फीची चिठ्ठी आली. पगारातून निघत नाही असं नाही. या महिन्यात निघत नाही.
उषानं विचारलं, मी कुठं काम बघू का. तिथल्या तिथे थांबवलं. मायनं आयुष्यभर लोकांची भांडी घासली. लग्नाच्या दिवशीच मी ठरवलंय, माझ्या बायकोच्या हाताला दुसऱ्याचं खरकटं लागणार नाही. ती बरं म्हणाली. समजूतदार आहे.
सिस्टर इमेल्डांना इंग्रजीत अर्ज लिहायला घेतला. फीमाफीसाठी.

९ जुलै
अर्ज पूर्ण. चार पानं. खात्यातला भगवंत, चिपळूणचा, इंग्रजी बरं आहे त्याचं, वाचून म्हणाला एक पान पुरे. त्याला अर्जातलं कळत नाही. उषाच्या हाती पाठवला.

२५ जुलै
सिस्टरचं उत्तर नाही. पण फीची आठवणही नाही. बाजूच्या खोलीतल्या संजूला लाल चिठ्ठी आली, गुड्डीला नाही. म्हणजे मंजूर. मोठी माणसं लिहून देत नाहीत.
खात्यात सगळ्यांना सांगितलं. शहासाहेबांचा मुलगा त्याच शाळेत आहे, म्हणून त्यांनाही सांगितलं. स्कॉलरशिप म्हणालो. फरक फार नाही.

१ ऑगस्ट
जेवताना गुड्डी म्हणाली, “पप्पा, शाळेत एक आईसारखी बाई आहे.”
मी विचारलं, टीचर का. तर नाही म्हणे. मागच्या बाजूला असते. हिच्याशी बोलत नाही.
हसलो. उषाला म्हणालो, ऐकलंस का. ती भाकरी थापत होती. मागे वळली नाही.

११ ऑगस्ट
आज पुन्हा तेच काढलं. बाई डोक्याला पांढरं फडकं बांधते. हातात मोठं पातेलं असतं. कोणी नसलं की गुड्डीच्या डोक्यावरून हात फिरवते आणि निघून जाते.
घास टाकून उठलो.
माझ्या लग्नाचा फोटो आहे. त्यात माय कोपऱ्यात बसलीय, पांढरा पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर. गुड्डीला दाखवला. विचारलं, ही का ती. पोर बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हात असेच आहेत.”
फोटो उलटा करून ठेवला. मग मायचा अपमान नको म्हणून परत सरळ केला.

१९ ऑगस्ट
ताप. आज कामावर गेलो नाही. उषा सातला गुड्डीला सोडायला गेली ती अडीचला आली. एवढा वेळ कुठं होतीस, तर म्हणे गिरणीत लाइन होती. पीठ दिसलं नाही. तापात वाद घातला नाही.
दिवसभर खोलीत एकटा होतो. फिनेलचा वास येत होता. आमच्या चाळीत फिनेल कोण वापरतं? उठून हुंगत फिरलो. उषाच्या दोरीवरच्या साडीला सगळ्यांत जास्त होता. माय सिव्हिल हॉस्पिटलात गेली तेव्हा तिथं हाच वास होता, असं भाऊ सांगत होता. मी पोचलो नव्हतो. ओव्हरटाइम चालू होता, तार दुसऱ्या दिवशी हातात पडली.
बाहेरचं असलं की आधी घरच्या बाईच्या कपड्यांना धरतं म्हणतात. उषाला सांगितलं नाही. घाबरेल.

२८ ऑगस्ट, रविवार
जवळच्या गावी, रांध्याला, भगताकडे जाऊन आलो. नारळ, अगरबत्ती. म्हाताऱ्यानं सुपात तांदळाचे दाणे मांडले. भुताचं कमी आणि घरचंच जास्त विचारलं. पगार किती, बायको किती वाजता उठते, पोर कोणाबरोबर शाळेत जाते.
शेवटी म्हणाला, “पोरीला काय नाय. बाईला इचार.”
कुठल्या बाईला, असं विचारेपर्यंत त्यानं दाणे गोळा केले होते.
येताना सायकलवर डोक्यात प्रकाश पडला. बाई म्हणजे वर्गाच्या बाई.

२ सप्टेंबर
अर्धा दिवस टाकून शाळेच्या गेटवर गेलो. गुड्डीच्या नलिनी टीचरना सगळं सांगितलं. फडकं, पातेलं, डोक्यावरून हात. त्या म्हणाल्या, “रोहिणी फार समजूतदार आहे. ती त्या बाईंना कधी हाकसुद्धा मारत नाही.”
म्हणजे टीचरनाही दिसते.
मी स्पष्ट विचारलं, शाळेत पूर्वी कोणी गेलंय का. त्या म्हणाल्या, “मिस्टर बोरसे, तुम्ही घरी मिसेसशी बोला.”
मी म्हणालो, मिसेस भित्री आहे, तिला हे झेपणार नाही. त्यांनी मान खाली घातली. त्याही घाबरल्या असाव्यात.

६ ऑक्टोबर
सर्वपित्री गेली. श्राद्ध झालं नाही. डबल ड्युटी लागली, शिवाय पैशाचीही जरा अडचण. आता आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घागर भरून सगळं एकदम करू. आपल्याकडे पितरांचा खरा दिवस तोच.
गुड्डी हल्ली त्या बाईचं नाव काढत नाही. मीच विचारलं. म्हणाली, “ती नाहीच.” असं म्हणून उषाकडे बघितलं. अंगावर काटा आला. दिसत होती ते बरं होतं.
जेवणाआधी गुड्डी डोळे मिटून इंग्रजीत प्रार्थना म्हणते. मीपण मिटतो. कुठला देव कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.
उषाच्या बोटांना चिरा पडल्यात. साबण बदल म्हणून सांगितलं.

१० नोव्हेंबर
स्टोअर इन्चार्ज म्हणून शहासाहेबांचा भाचा आला राजकोटहून. बावीस वर्षांचा. त्याला बॉबिन आणि कोन यातला फरक मी शिकवतोय. तात्पुरता आहे. शहासाहेबांनी माझी गरज ओळखली म्हणूनच त्याला माझ्या हाताखाली, म्हणजे मला त्याच्या, पण शिकवण्यापुरतं.

१२ डिसेंबर
तिसऱ्या तिमाहीची पण आठवण नाही. सिस्टर इमेल्डांच्या मनात माझ्याबद्दल आदर आहे. चार पानं वाया गेली नाहीत.
पण शाळेवरून सायकल नेताना मी मागच्या भिंतीकडे बघत नाही. आज भिंतीआडून भांड्यांचा आवाज आला. अमळनेरला मोरीतून यायचा तसाच. पायडल जोरात मारलं.

२७ जानेवारी १९९५
उद्या शाळेचं गॅदरिंग. गुड्डी कोळी डान्समध्ये. शहासाहेब म्हणाले आमच्याबरोबर बसा. तिसरी रांग! भगवंतचा सफारी मागून आणला. पोटाला घट्ट आहे, पण मी श्वास जपून घेईन.
उषा येत नाही म्हणते, डोकं दुखतंय. गुड्डीला सोडून परत येईन म्हणाली. एका अर्थी बरं. तिला शहाबाईंशी काय बोलावं सुचलं नसतं.

२८ जानेवारी
आज काही लिहीत नाही.

२९ जानेवारी, रविवार, दुपारी
लिहितो.
काल इंटरव्हलमध्ये पाहुण्यांना चहा होता. मी, शहासाहेब, शहाबाई. शहासाहेबांनी विचारलं, मिसेस काय करतात. मी म्हणालो, हाउसवाइफ, आमच्यात बायका बाहेर कामाला जात नाहीत. त्यांनी मान डोलावली.
मागून ट्रे घेऊन बाई आली. डोक्याला पांढरं फडकं. निळ्या काठाचा एप्रन. आधी मला हात दिसले, चिरा पडलेले. मायचे हात. खरंच तसं वाटलं, क्षणभर. मग वर बघितलं.
उषा होती.
तिचा ट्रे हलला नाही. शहासाहेबांना दिला, शहाबाईंना दिला, मग माझ्यापुढे धरला.
“साहेब, चहा.”
मी घेतला.
शहासाहेब म्हणाले, “अच्छी बाई है. होस्टेल का खाना यही देखती है. हमारा लड़का बोलता है, घर जैसा.”
मी म्हणालो, “हो का.”
एवढंच म्हणालो. दुसरं काही म्हणता आलं असतं. जागा होती, वेळ होता. कालपासून मी ती जागा पुन्हा पुन्हा आठवतोय. दोन वाक्यं बसली असती.
तेवढ्यात गुड्डी आली, नऊवारी नेसलेली, गजरा, ओठांना लाली. धावत आली आणि आम्हाला दोघांना एकत्र बघून मध्येच थांबली. आधी उषाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग उषाच्या अगदी अंगाला लागून, तिच्याकडे न बघता पुढे आली आणि माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली.
शहाबाईंनी तिच्या हातावर टॉफी ठेवली. विचारलं, मम्मी नहीं आई?
गुड्डी म्हणाली, “नहीं आई.”
उषा रिकामे कप गोळा करत होती. माझाही नेला. मी प्यायलो की नाही, आठवत नाही.

३० जानेवारी
घरी कोणी त्यावर बोलत नाही. उषानं सफारी धुऊन इस्त्री केली आणि भगवंतला परत करा म्हणाली.

३१ जानेवारी
ठरवलं. तिला काम सोडायला सांगणार. मान असतो माणसाला.

१ फेब्रुवारी
सांगितलं नाही. महिना अखेरीला सांगू.

५ फेब्रुवारी, रविवार
सांगितलं.
ती तांदूळ निवडत होती. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, सोडते, पण अजून शेवटची तिमाही कापून घ्यायचीय सिस्टरनी, मग परीक्षा. पगारातून फी वळती होते आणि वर दीडशे हातात येतात, गेल्या चार महिन्यांचं खोलीभाडं त्यातूनच गेलं. मला वाटत होतं मालक विसरला.
मी विचारलं, माझ्या अर्जाचं काय झालं.
म्हणाली, दिला होता. सिस्टरनी वाचला. म्हणाल्या माफी नाही देता येत, सगळेच मागतात. मग हिनंच विचारलं, काही काम आहे का.
मग मला का नाही सांगितलं?
“तुम्ही खात्यात पेढे वाटून आला होता.”
मी वाटले होते. पाव किलो.
गुड्डीला असं का शिकवलं, तेही विचारलं. उषाचा हात तांदळात थांबला. “पहिल्या दिवशी ती ओरडत आली, आई आई करत. पोरं हसली. शहासाहेबांचा पोरगा पण होता. तो घरी सांगेल, मग तुमचं फॅक्टरीत काय राहील? म्हणून तिला म्हटलं, शाळेत मी आई नाही, आईसारखी बाई आहे.”
सहा वर्षांच्या पोरीनं ते एकदाही चुकवलं नाही. मला येऊन सांगितलं तेसुद्धा जसंच्या तसं. मी भगताकडे गेलो.
संध्याकाळी मायच्या फोटोपुढे दिवा लावला. आता भीती वाटत नाही. वाटत होती ते सोपं होतं.

६ फेब्रुवारी
निर्णय घेतला. उद्या दोन तासांची शॉर्ट लीव्ह. दोघींना सायकलवर बसवून थेट शाळेच्या गेटपर्यंत सोडणार. गेटवर उभं राहून मोठ्यानं सांगणार, उषा, संध्याकाळी येतो. बघू दे ज्याला बघायचंय त्याला.

७ फेब्रुवारी
गुड्डी पुढे दांडीवर, उषा मागे कॅरिअरवर. दमलो, पण छान वाटलं. बाजारातून गेलो. दोघंतिघं ओळखीचे भेटले, सगळ्यांना मान हलवली.
शाळेच्या अलीकडे वळण आहे. तिथं उषा म्हणाली, “थांबवा. इथंच उतरते.”
मी का म्हणून विचारलं. ती पदर सारखा करत म्हणाली, “या वेळेला गेटवर शहासाहेबांची गाडी येते.”
मी म्हणणार होतो, येऊ दे. तोंड उघडलंही होतं. पण ब्रेक आधीच लागला होता. तिनं सांगायच्या आधी लागला होता की नंतर, ते आता नीट आठवत नाही.
उषा उतरली आणि चालू लागली. गुड्डी माझ्यापाशीच उभी राहिली. मी म्हणालो, जा ना, आई चाललीय. ती म्हणाली, थांबा. तोंडातल्या तोंडात एक ते दहा मोजलं, इंग्रजीत, आणि मग निघाली.
गेटपर्यंत दोघींमधलं अंतर तेवढंच राहिलं. एकदाही कमी झालं नाही.