अकरा नंबरचा बिल्ला

गुरुवार, दुपार

ताई,

नमस्कार. आम्ही बरे आहोत, तुम्ही सगळे बरे असाल. बाळाला दोन दात आलेत. आमचे हे ट्रक घेऊन गेलेत, पंधरा दिवसांनी येतील. माझं अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे, हसू नकोस.

चर्चच्या बायका दर मंगळवारी येतात. डबा ठेवतात, लंगोट धुऊन टाकतात, मी नको म्हटलं तरी. त्यातल्या एकीला मी लोकरमावशी म्हणते. तिनं बाळाला टोपी विणली, ती लिंबाला बसेल. मी म्हटलं, "मावशी, ह्याचं डोकं भोपळ्याएवढं आहे." तर म्हणते, "मग उसवते नि भोपळ्याची विणते. मला दुसरं काम काय?" देवाबिवाचं काही विचारत नाहीत. जेवलीस का, एवढंच.

रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत त्या पोरं सांभाळतात, आयांना घटकाभर निवांत बसता यावं म्हणून. एकाच नंबरचे दोन बिल्ले असतात, पत्र्याचे. एक पोराच्या दुपट्याला, एक आईकडे. बिल्ला दाखवल्याशिवाय पोर देत नाहीत. आमचा अकरा.

बाळ फार रडतो गं. तू म्हणालीस, सगळीच रडतात. असेल.

उशा मी गच्चीवर टाकल्यात. शेजारीण म्हणाली, "ढेकूण झाले का?" मी हो म्हटलं.

ढेकूण नाहीत ताई. गेल्या शनिवारी तो थांबेचना. माझा हात उशीकडे गेला. तोंडावर ठेवली नाही, लगेच फेकली. पण हात गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी माझाही बिल्ला त्याच्याच दुपट्याला लावला. चुकून नाही. वाटलं, माझ्यापासून लांब राहिला तर जगेल. बाहेर पडले, बस स्टॉपवर बसले. दोन बस सोडल्या. तिसरीत चढले, पुढच्या स्टॉपला उतरले आणि पळत आले.

खोली रिकामी झालेली. लोकरमावशी एकटीच, मांडीवर आमचा झोपलेला. दोन्ही बिल्ले तिच्या मुठीत. मला वाटलं, आता पोलीस. ती म्हणाली, "तुझा बिल्ला पडला होता बघ. धर. चहा घेतेस?"

तिला कळलंय गं. तरी त्याला माझ्याच हातात दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा माझ्यावर विश्वास आहे, माझाच नाही.

आईला सांगू नकोस. ह्यांना मी सांगेन, पण एकटीनं नाही.

पत्र लोकरमावशी आज येऊन स्वतः पोस्टात टाकणार आहे, शनिवारी मिळेल. पाकिटात माझा बिल्ला आहे, हरवू नकोस. रविवारी मी बाळाला त्या खोलीत ठेवेन नि बाहेरच्या बाकावर बसेन, कुठं जाणार नाही. आत तू जा. बिल्ला दाखव, त्याला घे, मग माझ्याकडे ये.

वाट बघते.

तुझी छोटी